रेषेपर्यंत

ग्लेना : नाही झालं?

ट्वायला : नाही.

ग्लेना : थेंबभरही नाही?

ट्वायला : तुम्ही समोरच तर उभ्या होतात. दिसला का थेंब?

ग्लेना : चिडू नका मॅडम. समोर उभं राहायची मलाही हौस नाही, पण नियमच तसा आहे. आता इथे बाहेर बसा. केंद्र पाचला बंद होतं, तोवर कधीही सांगा. पाणी हवं तर देते, पण बेताने. जास्त प्यायलात की लघवी पातळ येते, आणि पातळ आली की...

ट्वायला : की नापास. ठाऊक आहे मला. मी नर्स आहे.

ग्लेना : इथे येतात त्या बहुतेक नर्सच असतात. नर्सिंग बोर्डाच्या नशामुक्ती प्रोग्राममधल्या. बरं, या बाई तुमच्यासोबत का? आत बसायचं तर मला नाव लागतं.

नेड्रा : नेड्रा स्टिलवेल.

ग्लेना : या कोण तुमच्या?

नेड्रा : तिला काय विचारतेस, मी सांगते. मी हिची चहाडी केली होती.

ग्लेना : काय केलं होतं?

ट्वायला : बरोबर सांगताहेत त्या. वॉर्डातलं मॉर्फिन मी घेते, असं बोर्डाला यांनीच कळवलं. मी आज इथे बसलेय ती यांच्याच कृपेने.

ग्लेना : मग... मी 'ओळखीच्या' असं लिहिते.

नेड्रा : लिही बाई.

ट्वायला : तुम्ही बाहेर ट्रकमध्ये बसलात तरी चालेल, मिस नेड्रा.

नेड्रा : मिस? वीस वर्षं माझ्या डब्यात हात घालून जेवलीस आणि आता मिस? मला अहो-जाहो कधीपासून करायला लागलीस?

ट्वायला : चार वर्षं झाली.

नेड्रा : चार वर्षांत तू माझ्याशी बोललीच नाहीस, तर अहो काय आणि अगं काय. आज सकाळी दार वाजवलंस तेवढंच. वाटेत तर एक अक्षर नाही. मला वाटलं, शेजारच्या सीटवर दगडी कोळशाचं पोतं ठेवून निघालेय.

ट्वायला : माझी गाडी सुरू झाली असती तर तुमचं दार वाजवलं नसतं. सकाळी फोन केला, तर नंबर लागलेला. खालच्या रस्त्यावर दरड आलेली. वरच्या खिंडीतून निघेल असा ट्रक आपल्या ओढ्याकाठी तुमच्याशिवाय कोणाकडे आहे?

नेड्रा : म्हणजे हा ट्रकचा मान. माझा नाही.

ट्वायला : ट्रकचाच.

नेड्रा : ठीक. ट्रकला सांगेन. रोज फोन करावा लागतो का गं?

ट्वायला : रोज. उठलं की आधी फोन. यंत्र सांगतं, आज तुमची तपासणीची पाळी आहे किंवा नाही. नाताळलाही करायचा. आई गेली, तिला पुरायचं होतं त्या सकाळीही केला, आणि नेमकी त्याच दिवशी पाळी लागली. पेटी खड्ड्यात उतरली, लोक चर्चमध्ये जेवायला बसले आणि मी काळ्या कपड्यात पलीकडच्या गावाला कप भरायला गेले.

नेड्रा : मी होते त्या दिवशी. मागच्या बाकावर.

ट्वायला : पाहिलं. तुमचा तो तपकिरी कोट आंधळ्यालाही दिसेल.

ग्लेना : घ्या, पाणी. सावकाश प्या. आणि मॅडम, उगाच घाबरवत नाही, पण आज झालं नाही तर मला 'नमुना दिला नाही' असंच लिहावं लागतं. बोर्ड त्याला नकार समजतं.

ट्वायला : आणि नकार म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. चार वर्षांत एकही चुकली नाही माझी. एकही वाईट आली नाही. आणि आज हे.

नेड्रा : सकाळी उठल्या उठल्या करून टाकलीस ना? मग कशी येईल लगेच. त्यात तो घाट. तू दाराची कडी घट्ट धरून बसली होतीस. अंग आवळलं की लघवीही आवळते. आणि तू गं पोरी, जरा आतला नळ सोड बघू.

ग्लेना : नळ बंद असतो.

नेड्रा : बिघडलाय?

ग्लेना : नाही हो. पाण्याची चावी मीच बंद करते. कोणी कपात पाणी मिसळू नये म्हणून.

नेड्रा : मग संडासाची साखळी ओढ. नुसता आवाज झाला तरी पुष्कळ.

ग्लेना : तीही ओढायची नाही. टाकीत निळं औषध टाकलेलं आहे, पाहिलंत ना? कपात जरा निळं दिसलं की पकडलं.

नेड्रा : काय एकेक शोधून काढलंय! बरं, पेपरमिंटचं तेल असेल का तुझ्याकडे? भांड्याच्या तळाशी दोन थेंब टाकायचे, वासानेच मोकळं होतं...

ग्लेना : कपात? अहो, कपात काहीही टाकायचं नाही! माझी नोकरी जाईल. माझ्यासमोर असं बोलूसुद्धा नका.

ट्वायला : मिसेस प्रुइटचे उपाय आहेत ते. नळ, पेपरमिंट आणि कोमट पाण्यात बोटं. तिन्ही इथे गुन्हा.

नेड्रा : ओडेसा प्रुइटला इथे आणायला हवं होतं. हिचा नळ बंद बघून तिने बोर्डालाच कोपऱ्यात उभं केलं असतं.

ग्लेना : कोण या?

नेड्रा : आमची हेड नर्स. नदीकाठच्या हॉस्पिटलची. टोपी अशी कडक की दारातून आधी टोपी यायची, मग बाई. ऑपरेशन झालेल्या माणसाला वेळेत लघवी झाली नाही की ती तो स्वतःचा अपमान समजायची. नळी घालायची म्हणजे तिच्या लेखी पराभव. "नळी कोणीही घालतं, नर्सचं काम त्याआधीचं," म्हणायची.

ट्वायला : माझा पहिला आठवडा. एका बाईच्या उशाशी मला नळ सोडून उभं केलं होतं. बाईला काही झालं नाही, मीच तीनदा जाऊन आले.

नेड्रा : आणि येताना दर वेळी चेहरा असा की चोरी करून आलीस.

ट्वायला : बावीस वर्षांची होते. आणि मागे प्रुइट बाई. तिच्या बुटांचा आवाज नसायचा, खळ लावलेल्या झग्याचा यायचा. खस्स खस्स. तो आला की सगळा वॉर्ड ताठ. झोपलेले पेशंटसुद्धा.

ग्लेना : तुम्ही दोघी नदीकाठच्या हॉस्पिटलातल्या? माझी दोन्ही मुलं तिथलीच. धाकट्याच्या वेळी वरच्या मजल्यावरच्या एका नर्सने अख्खी दुपार माझी कंबर चोळून दिली होती.

नेड्रा : केस लाल?

ग्लेना : लाल, आणि सारखी गात होती.

ट्वायला : बर्निस!

नेड्रा : बर्निसच. सूर कुठे, ती कुठे.

ग्लेना : मला तर तेव्हा फार गोड वाटलं. नंतर ते बंदच झालं. माझ्या बहिणीचं बाळ रस्त्यात झालं, अँब्युलन्समध्ये. वाचलं, पण बहीण अजून त्या वळणावर डोळे मिटून घेते.

नेड्रा : आता बाळंतपणाला डोंगर ओलांडायचा, मरायलाही डोंगर ओलांडायचा. तेव्हा कसं, ओढ्याच्या तोंडाशी हाक मारली तरी ऐकू जायची. खाणीतली माणसं काळ्या तोंडाने तशीच पेशंटला बघायला यायची. पाहुण्यांच्या खुर्च्या काळ्या, चादरी काळ्या.

ट्वायला : आणि उन्हाळ्यात ब्लॅकबेरी भरून भाजलेल्या गोड पाई. एकाच दिवशी सात-आठ घरांतून. पेशंट बरा होऊन गेला तरी वर्षभर त्याची बायको आणून द्यायची.

नेड्रा : ते कशाला, एप्रिल महिना आठव.

ट्वायला : रानलसूण!

नेड्रा : प्रुइटने पाटीच लावली होती, रानलसूण खाऊन कामावर यायचं नाही. वास चार दिवस जात नाही त्याचा. मग आम्ही काय केलं? सगळ्यांनी एकाच दिवशी खाल्ली. बटाट्यात परतून, वर मक्याचा पाव. कोण कोणाला नाक मुरडणार?

ट्वायला : प्रुइट बाई आली, दारात थांबली, हुंगलं, आणि म्हणाली, "मला ठेवली आहे का?"

ग्लेना : अय्या.

नेड्रा : ठेवली होती. बशी झाकून.

ट्वायला : तो महापूर आला तेव्हा तीच बाई कमरेएवढ्या पाण्यातून तळघरात जाऊन औषधांच्या पेट्या काढत होती, टोपी भिजू न देता. वीज गेलेली. तो खाणकामगार, छातीवर छत कोसळलेला, त्याच्या श्वासाचं यंत्र बंद. फुगा हाताने दाबत बसलो आळीपाळीने. माझी बोटं दुखायला लागली की तुम्ही पुढे व्हायचात. तुमची दुखायला लागली की बर्निस. आणि बर्निस फुगा दाबताना गायची.

नेड्रा : तो शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला?

ट्वायला : "त्या बाईला गप्प करा."

ग्लेना : वाचला म्हणजे?

नेड्रा : अजून आहे. भोपळे लावतो. मला दर वर्षी एक आणून देतो, माझ्याच्याने उचलवतही नाही एवढा.

ट्वायला : मलाही द्यायचा. चार वर्षांपूर्वीपर्यंत.

नेड्रा : ट्वायला...

ट्वायला : नाही, मी तक्रार नाही करत. त्यालाही कळलंच असणार. पेपरात छापून आलं होतं ना, बोर्डाने शिक्षा केलेल्या सगळ्यांच्या नावानिशी.

नेड्रा : ते छापून येऊ नये म्हणूनच मी तुझ्या घरी आले होते.

ट्वायला : आलात खऱ्या. भल्या सकाळी, हातात मक्याचा पाव, कापडात गुंडाळलेला, गरम. मला वाटलं, पाठ कशी आहे विचारायला आलात.

नेड्रा : ते आधी विचारलं.

ट्वायला : हो, आधी ते विचारलंत. आणि मग म्हणालात, "दुपारपर्यंत तू फोन कर, नाहीतर मी करते."

नेड्रा : तू आपण होऊन सांगितलं असतंस तर लायसनवर डाग आला नसता. गुपचूप प्रोग्राममध्ये गेली असतीस, गुपचूप परत आली असतीस. मी चौकशी करूनच आले होते. 

ट्वायला : मला वाटलं, तुम्ही नाही करणार.

नेड्रा : आणि मला वाटलं, तू करशील. स्वयंपाकघरात घड्याळासमोर बसून होते मी. बाराचे ठोके पडले तरी म्हटलं, घड्याळ पुढे असेल.

ट्वायला : मी पायरीवरच बसले होते. तो पाव खात होते. सगळा खाल्ला, माहितीये? एकटीने. फोन आत होता आणि मी पाव खात होते.

ग्लेना : मी... मी जरा आतली फरशी पुसून येते.

नेड्रा : बस गं तू. इथे लपवण्यासारखं काही नाही. ट्वायला, मी तुझ्यावर रागावून नाही केलं ते. पाठ कशाने गेली ते मला माहीत नव्हतं का? त्या थोराड बाईला पलंगावर घेताना आपण दोघीच होतो. उचलायचं यंत्र महिनाभर बंद, मदतनीस कमी केलेले. आणि दुखण्याच्या गोळ्या तर त्या वर्षांत सगळ्या खोऱ्यात खिरापतीसारख्या वाटत होते. माझ्या भाच्यालाही दिल्या होत्या. दाढ काढली म्हणून. आता तो कबरस्तानात आहे, त्याच्या आजोबांशेजारी. ते सगळं मला कळत होतं. पण वॉल्टर बीन...

ट्वायला : माहीत आहे.

नेड्रा : त्याला हाडांचा कॅन्सर होता. मी तुला विचारलं, वॉल्टरला इंजेक्शन दिलंस? तू म्हणालीस, दिलंय. आणि तो आत उशी चावत होता.

ट्वायला : माहीत आहे मला! तो आवाज मला अजून ऐकू येतो. प्रोग्रामच्या गटात दर आठवड्याला बसवतात, प्रत्येकीने आपली गोष्ट सांगायची. सगळ्या सांगतात, नोकरी गेली, नवरा गेला, घर गेलं. मी दर वेळी वॉल्टरचं सांगते. त्याच्या मुलीकडेही गेले होते. तिने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. बरोबरच केलं तिने.

नेड्रा : तू गेली होतीस? तिच्याकडे?

ट्वायला : दुसऱ्या वर्षी.

नेड्रा : मला नव्हतं माहीत.

ट्वायला : कसं असणार. आपण बोलत कुठे होतो.

ग्लेना : मॅडम, पुन्हा बघायचं का? चार वाजून गेलेत.

ट्वायला : चला. काहीतरी वाटतंय.

ग्लेना : खिसे उलटे करून दाखवा परत. बाह्या वर. हात धुतलेले आहेत ना? चला.

नेड्रा : घाई करू नकोस. खांदे सैल सोड. समोर भिंत असेल, तिच्याकडे बघ, हिच्याकडे बघू नकोस.

ट्वायला : मिस नेड्रा, दार लावू द्या आता.

नेड्रा : लाव, लाव.

ग्लेना : नाही पुरत. ही रेषा आहे ना कपावर, इथपर्यंत हवी. ही अर्ध्यावरही नाही.

ट्वायला : ठेवून द्या. उरलेली थोड्या वेळाने देते.

ग्लेना : दोन वेळची एकत्र चालत नाही. ही टाकून द्यावी लागेल.

ट्वायला : टाकून? अहो, एवढी मरमरून काढलेली!

ग्लेना : मी काय करू मॅडम. मला खरंच वाईट वाटतं. पण मी एकीला सूट दिली तर दुसरीला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

ट्वायला : झालं. चला, मिस नेड्रा. घरी जाऊ.

नेड्रा : पाच वाजायचेत अजून.

ट्वायला : काही होणार नाही. आणि झालं तरी पुढे काय? चार वर्षं पेट्रोल पंपावरच्या दुकानात कोंबडी तळतेय मी. अंगाला, केसांना तेलाचा वास. नर्स म्हणून कोणाच्या तरी नजरेखाली काम केल्याशिवाय हा प्रोग्राम संपत नाही, आणि लायसनवरचा शिक्का बघून कोणी काम देत नाही. कोंबडी तळायला लघवी तपासत नाहीत. बरं आहे ते. चला.

नेड्रा : बस खाली.

ट्वायला : मला नाही...

नेड्रा : बस म्हटलं ना! लघवी न झालेला माणूस मी कधी घरी सोडला नाही. आज तुझ्यापासून सुरुवात करायची नाहीये मला.

ट्वायला : तुम्ही आता प्रुइट बाईसारख्या बोलायला लागलात.

नेड्रा : तिच्याच हाताखाली शिकले. नळ नाही, पेपरमिंट नाही, मग उरलं काय? तोंड. पोरी, तुला एस्टिल क्रम्पचं सांगते.

ट्वायला : नको. ते नको.

ग्लेना : कोण एस्टिल क्रम्प?

नेड्रा : खाणीतला म्हातारा. सहा फूट उंच, हात फावड्यासारखे, आणि लाजाळू असा की बाईमाणूस ऐकण्याच्या अंतरावर असलं की त्याला लघवी व्हायची नाही. आणि वॉर्डात सगळ्या बायका. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, दिवस सरला, पोटाचा नगारा. नळ सोडून झाले. आम्ही सगळ्या जिन्यात जाऊन उभ्या राहिलो. नाही. शेवटी तो हिच्या कानात म्हणतो...

ट्वायला : "मला डीकन हवा."

नेड्रा : डीकन हवा. आणि या शहाणीने काय केलं?

ट्वायला : मला कसं कळणार! मरणाच्या दारातला म्हातारा डीकन मागतो म्हणजे चर्चमधलाच ना, प्रार्थना सांगणारा? मी चर्चमध्ये फोन केला. डीकन हार्लेस जेवणावरून उठून आले बिचारे. काळा कोट, पुस्तक, सगळं घेऊन.

ग्लेना : मग?

नेड्रा : मग काय! डीकन उशाशी उभे. डोळे मिटलेले. आणि आवाज असा की लाकूड चिरतोय. "प्रभो! या तुझ्या लेकरावर दया कर! जे अडलं आहे ते मोकळं कर! जे बंद आहे ते उघड!"

ट्वायला : "खडकातून तू पाणी काढलंस, प्रभो!"

नेड्रा : तेच! "खडकातून पाणी काढलंस!" आणि एस्टिल लाल होऊन पांघरूण डोक्यावर ओढतोय. तेवढ्यात मागच्या जिन्याने त्याचा भाऊ येतो, आणि त्याच्यासोबत दोरीला बांधलेला हा एवढा शिकारी कुत्रा.

ग्लेना : कुत्रा?

ट्वायला : कुत्र्याचं नाव डीकन!

ग्लेना : हाय देवा.

नेड्रा : एस्टिलला रोज संध्याकाळी कुत्र्याबरोबर कुंपणापाशी जायची सवय. दोघंही एकाच खांबापाशी. चौदा वर्षं. त्याशिवाय त्याला व्हायचीच नाही. तर डीकन आत आला, पलंगाला एक फेरी मारली, याच्या तोंडाला चाटलं, मग इकडे तिकडे बघितलं. वॉर्डात कुंपण कुठलं असणार?

ट्वायला : थांब. नको सांगू पुढचं.

नेड्रा : खांबासारखं सरळ उभं एकच होतं तिथे, आणि ते डोळे मिटून प्रार्थना करत होतं.

ट्वायला : नेड्रा, थांब गं!

नेड्रा : उचलली तंगडी. डीकनने डीकनवर! आणि हार्लेस डोळे न उघडता म्हणतात, "प्रभो, मला जाणवतंय, तू ऐकलंस!"

ट्वायला : थांब, थांब, मेले मी...

नेड्रा : आणि ते बघून एस्टिलचा बांध फुटला. भांडं भरून वाहिलं! आणि त्याच क्षणी दारात खस्स खस्स. प्रुइट! तिने कुत्रा पाहिला, डीकनची विजार पाहिली, एस्टिल पाहिला, फरशी पाहिली. आम्ही भिंतीला चिकटून. म्हटलं गेल्या नोकऱ्या. आणि ती मला म्हणते काय...

ट्वायला : "मिस स्टिलवेल..."

नेड्रा : "मिस स्टिलवेल, किती झाली ते मोजून घ्या. आणि कुत्र्याची वेगळी लिहा!"

ट्वायला : अगं बाई गं! ग्लेना! ग्लेना, कप! कप आणा, लवकर!

ग्लेना : खिसे! आधी खिसे दाखवा! बाह्या!

ट्वायला : अहो, बाह्या गेल्या खड्ड्यात, चला!

नेड्रा : चालत जा! धावू नकोस! हसणं सोडू नकोस!

ग्लेना : झालं. रेषेच्या वर.

नेड्रा : किती वर?

ग्लेना : पुष्कळ वर. ऊबही बरोबर आहे. मॅडम, या झाकणावरच्या चिठ्ठीवर सही करा, मी तुमच्यासमोर बंद करते. पाचला अजून थोडा वेळ आहे.

ट्वायला : पेन द्या. कुठे, इथे?

ग्लेना : सावकाश करा. मी काही दिवे घालवत नाही एवढ्यात. आणि नेड्राबाई, एक विचारू? ते डीकन हार्लेस, त्यांना कळलं का कधी?

नेड्रा : कधीच नाही. मरेपर्यंत चर्चमध्ये साक्ष देत होते, की त्या संध्याकाळी पवित्र ऊब त्यांच्या पायांवरून उतरली.

[परतीची वाट. खिंड उतरल्यावर, नदीच्या पुलाशी, पाडलेल्या हॉस्पिटलच्या मोकळ्या जागेसमोर नेड्राने ट्रक थांबवला आहे. पाऊस थांबलेला, उजेड अजून आहे.]

ट्वायला : इथे का थांबलीस?

नेड्रा : इंजिन तापलंय. थोडं निवू दे.

ट्वायला : इंजिनाचा काटा तर खाली आहे.

नेड्रा : मग माझं तापलं असेल. काच खाली घे. नदीचा वास येतोय बघ.

ट्वायला : गवत किती वाढलंय. कोणी म्हणेल का इथे तीन मजले होते? तो अँब्युलन्सचा उतार तेवढा राहिलाय.

नेड्रा : आणि झेंड्याचा खांब. पाडायला आले होते, कोणीतरी म्हणालं, राहू दे.

ट्वायला : प्रसूतीचा वॉर्ड तिथे वर होता. सकाळी नदीवर धुकं असलं की खिडकीतून वाटायचं, अख्खं हॉस्पिटल वाहत चाललंय. मेण लावलेली फरशी, स्वयंपाकघरात उकळणारा घेवडा, कॉफी. मला कधी कधी पंपावर एकदम तो वास येतो. तेलाच्या कढईसमोर उभी असताना. मग मी मागे जाऊन उभी राहते थोडा वेळ.

नेड्रा : मला त्या लिफ्टचा आवाज येतो. दुसऱ्या मजल्यावर करकरायची ती. आता काम करते त्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमातली लिफ्ट मुकी आहे. कोणी आलं कळतच नाही.

ट्वायला : बंद झालं त्या संध्याकाळी मी आले होते.

नेड्रा : ठाऊक आहे.

ट्वायला : पलीकडे चर्चच्या अंगणात गाडी लावून बसले होते. आधी वरचा मजला काळोखला, मग मधला. तुम्ही सगळ्या बाहेर आलात, एकमेकींच्या गळ्यात पडलात. बर्निस गात होती. तिचा सूर लागला होता गं त्या दिवशी.

नेड्रा : हो. त्या दिवशी लागला. तुझी गाडी मी पाहिली होती. निळी, एक दिवा फुटलेला.

ट्वायला : मग आली का नाहीस?

नेड्रा : अर्ध्या रस्त्यापर्यंत आले होते. मग वाटलं, तू काच वर केलीस तर?

ट्वायला : केली असती. तेव्हा केली असती.

नेड्रा : म्हणूनच वळले.

ट्वायला : नेड्रा, तुझ्या त्या वृद्धाश्रमात एक नर्स हवी आहे.

नेड्रा : हो.

ट्वायला : मी गेले होते विचारायला. तिथली बाई म्हणाली, शिक्क्याचं लायसन चालेल आम्हाला, पण त्याच पाळीची दुसरी नर्स तयार हवी. औषधांच्या कुलपाची चावी तिने सांभाळायची, माझ्यावर नजर ठेवायची, आणि दर तीन महिन्यांनी बोर्डाला कळवायचं. दिवसपाळीला तू आहेस.

नेड्रा : मला विचारलंय त्यांनी.

ट्वायला : आणि तू काय म्हणालीस?

नेड्रा : म्हटलं, तिच्या तोंडून ऐकलं तर सांगेन.

ट्वायला : ऐक मग. मी विचारतेय.

नेड्रा : मी पाहीन ते लिहीन, ट्वायला. तुझी पापणी जड दिसली तरी लिहीन. जुनी मैत्रीण म्हणून एक अक्षर गिळणार नाही.

ट्वायला : दुसरी कोणी असती तर मला सांभाळून घेतलं असतं. सगळे तसेच सांभाळून घेत होते तेव्हा. डॉक्टर, बर्निस, सगळे. तू सोडून.

नेड्रा : चार वर्षं मला झोप लागायची नाही बारानंतर. दुपारच्या.

ट्वायला : दुपारी कोण झोपतं?

नेड्रा : मी झोपायचे. माझी आवडती झोप होती ती.

ट्वायला : हसवू नकोस आता. केंद्र बंद झालंय.

नेड्रा : सोमवारपासून सुरू कर. सकाळची पाळी आहे. त्या म्हाताऱ्यांना लवकर कॉफी लागते, तुझ्यासाठी थांबणार नाहीत ते. मी येईन तुला न्यायला.

ट्वायला : सोमवारपर्यंत माझी गाडी दुरुस्त होईल.

नेड्रा : होऊ दे. मी येईन.